‘केऑस’ वाचून केऑस कळतो का?

घाटवाट:
जेम्स ग्लाइक यांचं ‘केऑस: मेकिंग अ न्यू सायन्स’ (१९८७) नुकतंच वाचून संपवलं. केऑस म्हणजे सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचं सगळंच बदलून जाणं, त्याच्या शास्त्राची ही गोष्ट. हातातून सुटत नाही हे मान्य. पण शेवटी पदरात काय पडलं? मिचेल फायगेनबॉम हा भौतिकशास्त्रज्ञ रात्री-अपरात्री सिगारेट ओढत अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या गल्ल्यांतून भटकायचा आणि पोलिसांना संशय आला होता. त्याने म्हणे सव्वीस तासांचा दिवसही करून पाहिला. हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ कॉफी प्यायला गेला आणि परत येतो तो संगणकातलं हवामान बदललेलं. सगळं चविष्ट आहे, पण हे शास्त्रज्ञांबद्दलचं पुस्तक आहे, शास्त्राबद्दलचं नव्हे. फायगेनबॉमचा ४.६६९२ हा आकडा कशाचं गुणोत्तर आहे, हे वाचणाऱ्यांपैकी कितीजण सांगू शकतील?

दुसरं म्हणजे ‘क्रांती’ची हाकाटी. तीन वस्तूंच्या गुरुत्वाकर्षणाच्या कोड्यात हा गुंता फ्रेंच गणिती प्वांकारेला १८९० च्या सुमारासच दिसला होता. मधल्या काळात कोल्मोगोरोव्हसारखी रशियन गणिती मंडळी काही झोपली नव्हती. पण गोष्टीला बंडखोर नायक लागतात, मग ही माणसं ओझरती येऊन जातात.

मुळाक्षर:
गुणोत्तर पुस्तकात आहे हो. तुम्ही सिगारेटच्या मागे गेलात त्याला ग्लाइक काय करणार? :)

मी कॉमर्सची. बारावीनंतर गणिताशी फारकत. या पुस्तकामुळे पहिल्यांदा कळलं की नियम ठाम असूनही पुढचं सांगता येत नाही, असं होऊ शकतं. त्यात नशीब नाही, फासे नाहीत, तरीही! एवढं एक वाक्य माझ्यासारख्या वाचकाच्या डोक्यात पक्कं बसवायला बाकीची पानं खर्ची पडली असतील तर पडू देत. पाठ्यपुस्तक हवं असणाऱ्यांनी पाठ्यपुस्तक घ्यावं.

त्रिज्या:
दोघांच्या मध्ये पडते, शिकवणं हाच धंदा असल्याने.

एक्सेल उघडा. ०.३ घ्या. नियम असा: आकडा × (१ − आकडा) × ४. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ०.८४, ०.५३७६, ०.९९४३… शेजारच्या रकान्यात ०.३०१ ने सुरुवात करा. तिसऱ्या पायरीपर्यंत दोन्ही रकाने जवळजवळ हातात हात घालून चालतात. दहाव्या पायरीला पहिल्यात ०.०४३ आणि दुसऱ्यात ०.६२० येतं. मुलांना हे करायला लावलं की वर्गात शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, “मॅडम, फॉर्म्युला चुकलाय.” लॉरेन्झलाही १९६१ मध्ये आधी वाटलं होतं की मशीनमध्येच काहीतरी बिघडलंय. गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्याने ०.५०६१२७ च्या जागी छापील ०.५०६ भरलं होतं, एवढंच.

आता ४.६६९२. त्याच सूत्रातला ४ काढून लहान आकडा ठेवा आणि हळूहळू वाढवत न्या. ३ ओलांडलं की उत्तर दोन किमतींत हेलकावे खातं. ३.४४९५ पाशी चार किमती होतात, ३.५४४१ पाशी आठ, ३.५६४४ पाशी सोळा. या टप्प्यांमधली अंतरं ०.४४९५, ०.०९४६, ०.०२०३. प्रत्येक अंतराला पुढच्याने भागा: ४.७५, मग ४.६६. पुढे पुढे ४.६६९२. आणि मौज अशी की सूत्र बदलून आलेखात तसंच एक कुबड असलेलं दुसरं कुठलं घेतलं तरी आकडा तोच! फायगेनबॉमने हे १९७५ मध्ये एचपी-६५ या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर पाहिलं.

पुस्तकाबद्दल माझं गाऱ्हाणं एवढंच की ते वाचकाच्या हातात पेन्सिल देत नाही. गंमत सांगतं, करू देत नाही.

मुळाक्षर:
त्रिज्या, करून पाहिलं! दहाव्याला खरंच ०.०४ आणि ०.६२. पण खरं सांगा, पुस्तक वाचलं नसतं तर मी रात्री अकरा वाजता एक्सेल उघडून बसले असते का?

पाणलोट:
या धाग्यावर हे यायला हवं म्हणून लिहितो. ‘ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले की टेक्सासमध्ये वादळ’ या दाखल्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं पुस्तकाच्या बाकी कशानेच नाही. (ते ब्राझील आणि टेक्सासवालं शीर्षकसुद्धा लॉरेन्झचं नाही. १९७२ च्या व्याख्यानाला त्याने नाव वेळेत दिलं नाही, म्हणून हवामानशास्त्रज्ञ फिलिप मेरिलीस यांनी ते ठेवलं.) आता मान्सूनचा अंदाज चुकला की व्हॉट्सॲपवर विद्वान हजर: “केऑस आहे, सांगताच येत नाही.”

अरे बाबांनो, दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी पुण्यात पाऊस पडेल का हे सांगणं अवघड, हे ठीक. पण संपूर्ण हंगामाचा पाऊस हा वेगळा प्रश्न आहे. चार्नी आणि शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं की उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी बरीचशी समुद्राच्या तापमानासारख्या संथ बदलणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून तर एल निन्योकडे (प्रशांत महासागराचं पाणी तापणं; तेव्हा आपल्याकडे पाऊस सहसा कमी) डोळे लावून बसतात. त्यातही १९९७ मध्ये जबरदस्त एल निन्यो असून देशात पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००२ मध्ये तूट १९ टक्क्यांवर गेली. म्हणजे गुंता आहेच, पण ‘काहीच सांगता येत नाही’ आणि ‘अमुक इतकं सांगता येतं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेतकऱ्याला तोच फरक हवा असतो. हे त्या फुलपाखरात कुठे बसतं?

घाटवाट:
पाणलोट +१. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. चांगली गोष्ट नको तेवढी लक्षात राहते.

कोपऱ्यातला_टेबल:
घाटवाट, रशियन राहू द्या, लॉरेन्झच्या खोलीतच बघा. त्याच्या एलजीपी-३० या संगणकावर प्रोग्रॅमिंग कोण करत होतं? आधी मार्गारेट हॅमिल्टन (हो, पुढे अपोलोच्या सॉफ्टवेअरवाल्या त्याच) आणि मग एलन फेटर. १९६३ च्या शोधनिबंधात लॉरेन्झने गणना आणि आकृत्यांसाठी फेटर यांचे आभार मानलेत. एकटा माणूस, खिडकीबाहेरचं हवामान आणि कॉफी, या चित्रात त्या मावत नाहीत.

मुळाक्षर:
हा मुद्दा बिनतोड. पण तो सगळ्याच विज्ञानगोष्टींना लागतो. एकट्या ग्लाइकला फासावर का?

त्रिज्या:
जाता जाता: लॉरेन्झच्या समीकरणांतून पडद्यावर उमटणारी फुलपाखरासारखी दोन पंखांची आकृती हा संगणकाने आकडे तोडल्यामुळे होणारा निव्वळ भास नाही, हे गणिती वॉरविक टकर यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं. तोवर सगळे पडद्यावर विश्वास ठेवून होते. १९८७ च्या पुस्तकात ते येणार तरी कसं? पण आज कोणी मराठीत नवं पुस्तक लिहायला घेतलं तर मी म्हणेन, सुरुवात तिथून करा.

घाटवाट:
लिहा मग. पहिलं गिऱ्हाईक मी. अट एकच, एक्सेलचं ते कोष्टक पहिल्या दहा पानांत हवं.

पाणलोट:
आणि फुलपाखरू मुखपृष्ठावर नको.