सल्ला हवा: साडेतीन हजारांचा प्रिंटर तीन वर्षांत नेमका कितीला पडतो? (सोलापूर)

जुळे_सोलापूर_पालक

नमस्कार मंडळी. घरासाठी प्रिंटर घ्यायचाय. मुलगी दहावीला, मुलगा पाचवीला. महिन्याला ६० पानं निघतात. त्यातली ४५ काळी, म्हणजे सराव प्रश्नपत्रिका, आधार, बँकेचे कागद. उरलेली १५ रंगीत, प्रकल्पाची चित्रं आणि नकाशे. काम जून ते मार्च, एप्रिल-मे जवळजवळ बंद. नवी पेठेत दोन पर्याय सांगितले: कार्ट्रिजवाला साडेतीन हजाराला आणि इंक टँकवाला (टाकीत बाटलीने शाई भरायची) बारा हजाराला. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, काळं पान २ रुपये, रंगीत १०. तीन वर्षांचा खरा हिशोब कुणी मांडून देईल का? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात शाई वाळते म्हणतात, ते कितपत खरं?

हिशोब_चोख

ताई, तुमचे आकडे स्वच्छ आहेत म्हणून हिशोब सोपा आहे. वर्षाला ६०० पानं, तीन वर्षांत १,८००. त्यात १,३५० काळी, ४५० रंगीत. कागदाचं रिम (५०० पानं) ३०० रुपये धरतो, चार रिम लागतील, म्हणजे १,२००.

कार्ट्रिजवाला: या किमतीच्या एचपी डेस्कजेटमध्ये बहुतेक वेळा ८०५ नंबरचं कार्ट्रिज असतं. कंपनीच्याच आकड्यानुसार काळ्याची १२० पानं, रंगीतची १००. १,३५० काळ्या पानांना १२ कार्ट्रिज, ४५० रंगीत पानांना ५. प्रिंटरसोबत आलेली जोडी पूर्ण भरलेली आहे असं मानून वजा करू. उरली ११ काळी, ४ रंगीत. काळं ८०० ला आणि रंगीत १,००० ला धरलं तर ८,८०० अधिक ४,०००. प्रिंटर आणि कागद मिळवून एकूण १७,५००. नुसत्या शाईचं काळं पान पावणेसात रुपयांना पडलं, दुकानातल्या कागदासकट पानाच्या तिपटीहून जास्त.

टँकवाला: एपसन एल३२५० घेतला तर ००३ नंबरच्या बाटल्या सोबतच येतात. काळ्या बाटलीची ४,५०० पानं, तीन रंगांची मिळून ७,५००. म्हणजे तीन वर्षांत शाई विकत घ्यावी लागू नये. १२,००० अधिक कागद, १३,२००.

दुकान: २,७०० अधिक ४,५००, एकूण ७,२००. कागद त्यातच.

तुमच्या वापराला पैशाच्या दृष्टीने दुकानच सर्वांत स्वस्त आहे, हे आधी मान्य करू. टँकवाला घेतलात तर तीन वर्षांत सहा हजार जास्त जातात ते सोयीचे, म्हणजे रात्री दहाला "आई, उद्या प्रकल्प द्यायचाय" ऐकल्यावर घरातच छापता यावं याचे. ते द्यायला हरकत नाही, फक्त बचत म्हणून देऊ नका. टँकवर पुढचं प्रत्येक पान कागद-शाई धरून ७०-८० पैशांत निघतं, दुकानात तुमची सरासरी ४ रुपये आहे. त्यामुळे १२,००० वसूल व्हायला साधारण ३,७०० पानं लागतात. वर्षाला ६०० पानांनी सहा वर्षं, १,२०० नी तीन.

शाई_आणि_सुई

वरच्या हिशोबात एक भर. "स्वस्त प्रिंटर" ही एकच जात नाही. प्रिंटरची किंमत बघू नका, आत कुठल्या नंबरचं कार्ट्रिज बसतं ते बघा.

एचपी ८०५: काळी १२० पानं. एचपी ८०३: काळी १९०. एचपी ६८२, जे इंक अॅडव्हांटेज नाव लिहिलेल्या डेस्कजेटना बसतं: काळी ४८०, रंगीत १५०. कॅननचं पीजी-७४५: १८०. कॅननचं पीजी-४७: ४००. हजार-दोन हजार जास्त देऊन ६८२ किंवा ४७ वाला घेतला तर काळं पान पावणेसातऐवजी दोन रुपयांच्या आसपास येतं. दुकानात खोकं उघडण्याआधी कार्ट्रिजचा नंबर विचारा, त्याचा आजचा भाव विचारा आणि भावाला पानांनी भागा. प्रिंटर घेण्याआधी एवढा एक भागाकार पुरे.

ही पानांची संख्या आयएसओ २४७११ या चाचणीची असते. ठरावीक नमुना पानं सलग छापून, कार्ट्रिज रिकामं होईपर्यंत. घरी आज दोन पानं, आठ दिवसांनी तीन असा वापर असतो. मधल्या काळात हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) साफ करण्यात जी शाई जाते ती त्या चाचणीत जवळजवळ नसतेच. नकाशा किंवा पानभर फोटो छापला तर चाचणीच्या पानापेक्षा कितीतरी जास्त शाई लागते. म्हणून खोक्यावरचा आकडा घरी गाठला जात नाही, हे गृहीत धरून चाला.

टेक्निशियन_होटगी_रोड

उन्हाळ्याबद्दल विचारलंत, ते खरं आहे. पण नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

शाईत बराचसा भाग पाणीच असतो. हेडची छिद्रं केसापेक्षा बारीक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. हेड उघडं राहिलं तर छिद्रातलं पाणी उडतं आणि रंग तिथंच घट्ट बसतो. यावर प्रिंटरमध्येच सोय आहे: बंद होताना हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि हवाबंद होतं. पण हे होतं प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून बंद केल्यावर. भिंतीवरचा स्विच मधेच बंद केला, किंवा छापताना लाईट गेली, तर हेड अर्ध्या वाटेत उघडं राहतं. लाईट आली की प्रिंटर एकदा चालू करून बटणानेच बंद करा. घरातल्या सगळ्यांना ही सवय लावा, कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

सुट्टीत आठवड्यातून एकदा नोझल चेकचं पान काढा. त्यात चारही रंगांच्या बारीक रेघा येतात, शाई नगण्य लागते. रेघ तुटलेली दिसली तरच हेड क्लीनिंग. क्लीनिंग, मग पुन्हा नोझल चेक, असं जास्तीत जास्त तीनदा. तरी सुधारलं नाही तर प्रिंटर बंद करून १२ तास तसाच ठेवा. एपसनच्या माहितीपुस्तिकेतही हेच सांगितलंय. या वेळात हवेचे बुडबुडे वर येतात आणि वाळलेली शाई थोडी सैल होते. पुष्कळ जण घाईने सलग दहा वेळा क्लीनिंग मारतात, बाटलीतली शाई जाते आणि हेड तसंच राहतं.

आता ही क्लीनिंगची शाई जाते कुठे? प्रिंटरच्या तळाशी शोषून घेणारा जाड पॅड असतो, त्यात. किती शाई गेली याची मोजणी प्रिंटर ठेवतो आणि मर्यादा आली की छापणंच थांबवतो. कॅननच्या जी मालिकेत ५बी०० हा एरर येतो, एपसनवर पॅडचं आयुष्य संपल्याचा संदेश. काही ठिकाणी फक्त सॉफ्टवेअरने काउंटर शून्य करून देतात. तसं करून घेऊ नका. पॅड भरलेलाच राहतो आणि काही महिन्यांनी शाई खालून टेबलावर उतरते. पॅड बदलून किंवा धुऊन वाळवून बसवला का, ते विचारा, जमलं तर डोळ्यांनी बघा. कॅनन जी३०२० मध्ये ही वाया शाई गोळा करणारं एमसी-जी०२ नावाचं मेंटेनन्स कार्ट्रिज आहे, ते घरीच बदलता येतं. टँकवाला निवडताना मी या एका सोयीला बरंच वजन देईन.

टँकच्या आणखी दोन गोष्टी. टाकीवरच्या खालच्या रेघेखाली शाई जाऊ देऊ नका. एल३२५० ला टाकीत किती शाई आहे ते कळत नाही, तो नुसता अंदाज धरतो. टाकी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते आणि ती काढताना पुन्हा भरपूर शाई वाया जाते. दुसरी गोष्ट, एपसन ००३ ची काळी शाई डाय (पाण्यात विरघळणारा रंग) प्रकारची आहे, पाण्याचा थेंब पडला की फुटते. कॅनन जीआय-७९० आणि एचपी जीटी५३ ची काळी पिगमेंट (न विरघळणारे बारीक कण) आहे, ती बरीच टिकते. कोर्टाचे, बँकेचे कागद छापायचे असतील तर हा फरक महत्त्वाचा.

जुळे_सोलापूर_पालक

खूप आभार. दुकानदार म्हणाला की कार्ट्रिजवाला घ्या, रिफिल करून मिळेल, शंभर-दीडशेत काम. तसं चालतं का?

शाई_आणि_सुई

चालतं, पण किती वेळा आणि कसं ते ऐका.

एचपी आणि कॅननच्या या छोट्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. शाई गरम करून बुडबुड्याने बाहेर फेकायची, अशी पद्धत. शाईच त्या हेडला थंडही ठेवते. म्हणून पूर्ण कोरडं पडेपर्यंत छापत राहिलात तर हेड जळतं आणि मग कितीही शाई भरा, पान पांढरंच. अक्षरं फिकी पडायला लागली की थांबा आणि त्याच दिवशी भरा. महिनाभर रिकामं पडलेलं कार्ट्रिज रिफिलला नेण्यात अर्थ नाही.

भरताना वरचं लेबल सोलायचं, छिद्रातून बारीक सुई आतल्या स्पंजमध्ये मध्यापर्यंत घालायची आणि अगदी सावकाश ४–५ मिली सोडायची. छिद्राशी शाई दिसली की थांबून अर्धा मिली परत ओढून घ्यायची. जास्त भरलं तर खालून ठिबकत राहतं आणि प्रिंटर आतून बरबटतो. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात. कुठल्या छिद्रात कुठला रंग ते टूथपिक बुडवून तपासा. एकदा रंग मिसळले की ते कार्ट्रिज गेलंच. शेवटी टिश्यू पेपरवर हेड टेकवा, स्वच्छ पट्टा उमटला पाहिजे. कार्ट्रिजवरच्या तांब्याच्या टिकल्यांना (प्रिंटरला जोडणी इथून होते) शाई लागली असेल तर डिस्टिल्ड वॉटरने ओलावलेल्या कापडाने हलकेच पुसा. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी चालेल. बोअरचं नको, त्यातले क्षार छिद्रात बसतात.

तीन-चार रिफिलनंतर बहुतेक हेड थकतात. शिवाय एचपीच्या काही प्रिंटरमध्ये डायनॅमिक सिक्युरिटी असते. कार्ट्रिजवर एचपीची नसलेली चिप असेल तर ती प्रिंटरच्या अपडेटनंतर नाकारली जाऊ शकते. मूळ एचपी कार्ट्रिज रिफिल केलं तर चिप मूळचीच राहते, म्हणून दुसऱ्या कंपनीचं "कंपॅटिबल" नवं घेण्यापेक्षा मूळचं रिफिल करणं बरं.

एक उपयोगी गोष्ट: या डेस्कजेटमध्ये रंगीत कार्ट्रिज वाळलं तर ते काढून ठेवा, प्रिंटर एकट्या काळ्यावर चालतो. कॅननमध्ये दोन्ही बसवलेली लागतात, पण शाई संपल्याचा संदेश आला तर स्टॉप बटण पाच सेकंद दाबून धरा, पुढे छापता येतं. आणि काळं छापताना नुसतं "ग्रेस्केल" निवडू नका. एचपीच्या सेटिंगमध्ये "ब्लॅक इंक ओन्ली" असतं ते निवडा, नाहीतर काळ्या पानातही रंगीत शाई मिसळली जाते.

लेझर_बरा

रंगीत पानं दुकानातूनच काढणार असाल तर काळा लेझर बघा. टोनर ही कोरडी पावडर आहे, दोन महिने बंद ठेवला तरी पहिलं पान स्वच्छ. एप्रिल-मेचा प्रश्नच मिटतो. एचपी १२ए टोनरची २,००० पानं, ब्रदर टीएन-२३६५ ची २,६००. ब्रदरमध्ये ड्रम (पावडर कागदावर उमटवणारा रूळ) वेगळा असतो, १२,००० पानांनी तो बदलायचा खर्च धरून ठेवा. प्रिंटरसोबतचा टोनर बऱ्याचदा कमी भरलेला असतो, हेही विचारा.

जुना एचपी १०२० किंवा कॅनन एलबीपी२९०० स्वस्तात मिळतो आणि मशीन दणकट आहे. पण दोन्हींना वाय-फाय नाही, मोबाईलवरून थेट छापता येणार नाही. १२ए रिफिल करताना नुसती पावडर भरून घेऊ नका, वेस्ट टोनरचा (वाया गेलेल्या पावडरचा) कप्पा रिकामा करायला सांगा. पानावर दर ७५ मिमीवर तोच ठिपका येत असेल तर ड्रम गेलाय, उभी काळी रेघ असेल तर ड्रम किंवा तो पुसणारी पट्टी, म्हणजे वायपर ब्लेड. पावडर सांडली तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती कापडात चिकटून बसते.

फक्त पैशाने बघितलं तर महिना ४५ काळ्या पानांसाठी लेझर वसूल होत नाही, हे मात्र हिशोबरावांचंच खरं.

पूर्वभाग_अशोक_चौक

आमच्या भागातल्यांसाठी एक गोष्ट. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर कापसाचे तंतू हवेत सतत असतात. ते कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर बसतात, मग कागद घसरतो किंवा एकदम दोन-तीन पानं आत जातात. लोक प्रिंटर बिघडला समजतात. प्लग काढून किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रोलर फिरवत पुसा, वाळू द्या, झालं. मागच्या उभ्या ट्रेमध्ये कागद भरून ठेवू नका, काम झालं की काढून ट्रे मिटवा. वर कापड टाका, फक्त टॉवेल नको, त्याचेच तंतू आत जातात.

जुळे_सोलापूर_पालक

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ट्रिजवाला बाद. टँकवाला घ्यायचा विचार पक्का होतोय, पण मे महिन्यात तीन आठवडे घर बंद असतं. तेव्हा काय करायचं? आणि इन्व्हर्टरवर चालेल का?

टेक्निशियन_होटगी_रोड

टँकवाला छापताना १०–२० वॅटच घेतो, इन्व्हर्टरवर बिनधास्त चालवा. लेझर नको, त्याचा फ्यूझर (पावडर वितळवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना एकदम काहीशे वॅट ओढतो.

निघायच्या आदल्या दिवशी नोझल चेक काढून चारही रंग बरोबर आहेत का बघा, टाक्या निम्म्याच्या वर असू द्या. बटणाने बंद करा, हेड जागेवर जाऊन आवाज थांबला की मगच प्लग काढा. खिडकीपासून लांब, सपाट जागी ठेवा. तिरका किंवा आडवा ठेवला तर शाई बाहेर येते. माळ्यावर नको, पत्र्याखाली तर अजिबात नको. परत आल्यावर लगेच प्रकल्प छापायला घेऊ नका. आधी नोझल चेक, रेघा तुटल्या असतील तर एक क्लीनिंग, मग काम. प्रिंटर घेताना बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी किती वर्षं व किती पानांची ते वाचा, दोन्हींतलं जे आधी संपेल ते धरतात.