टॉमी जॅरेल: बँजोपासून सुरुवात करा

'टॉमी जॅरेलचं फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) नुसतं घासल्यासारखं वाजतं, लोक एवढे वेडे का होतात?' या नेहमीच्या प्रश्नावर माझी पुस्ती. जॅरेल (१९०१–१९८५) हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातला फिडल आणि बँजो वाजवणारा लोककलाकार, पोटापाण्यासाठी रस्ते खात्यात ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) चालवणारा माणूस. जगाला कळला तो निवृत्तीनंतर, त्यामुळे वाजवण्याला स्टुडिओची इस्त्री कधी लागलीच नाही. फिडलवर गज एकाच वेळी दोन तारांवर टेकतो. मोकळी तार घुमत राहते आणि धून तिच्या अंगाने चालते. घासल्यासारखं वाटतं ते हेच! बँजो (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) तर बिनपडद्यांचा. बोट सरोदासारखं घसरतं, स्वर पाश्चात्त्य पट्टीत नेमका बसत नाही, आणि (निदान माझ्या) कानाला तेच गोड लागतं. मऊसूत काही हवं असेल त्यांनी वाटेलाच जाऊ नये. बाकीच्यांनी आधी बँजो ऐकावा, फिडल मग आपोआप पचतं.