मदत हवी आहे: अभ्यासिकेचं नेट संध्याकाळी तुंबतं, सगळ्यांना सारखं कसं वाटायचं?

मामाचा भाचा:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी मामाची अभ्यासिका आहे, एमपीएससी आणि पोलीस भरतीवाली पोरं बसतात, बाहेरच्या खोलीत २२ खुर्च्या आणि आतल्या खोलीत १६. नेटचं सगळं माझ्या गळ्यात कारण घरात मीच एकटा 'कॉम्प्युटरवाला' (बीकॉम केलंय मी, पण कोण ऐकतंय). प्लॅन १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० अपलोडचा आहे. सकाळी सगळं मस्त चालतं. संध्याकाळी ७ वाजले की लेक्चरचा व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो आणि पोरं माझ्याकडे असं बघतात जसं काय मीच वायर कापलीय.

केबलवाला दुपारी येऊन स्पीडटेस्ट करून गेला, ९५ आला, म्हणाला लाइन ओके आहे, २०० चा प्लॅन घ्या. मग मी स्वतः काल संध्याकाळी लॅपटॉपवर पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) लावून बसलो. एरवी १२ मिलीसेकंद येतं. एका पोराचा मोबाइल चार्जिंगला लागला, त्याचा फोटो बॅकअप सुरू झाला आणि पिंग चढत चढत थेट ९००! त्याला बॅकअप थांबवायला लावला, दहा सेकंदात परत १२. कुणाची म्हैस अन् कुणाला उठबैस.

राउटरमध्ये प्रत्येकाला २ एमबीपीएसची मर्यादा घालून पाहिली. तर सकाळी ६ ला येणारे तिघं भांडायला लागले की अख्खं नेट पडून आहे तरी आम्हाला दोनच का, आणि त्यांचं बरोबरच आहे. मर्यादा काढली. आता काय करू? २०० घेऊन सुटेल का?

कटिंग चहा:
प्लॅन वाढवा, विषय संपला. ३८ पोरांत १०० म्हणजे काय होतंय.

वायरमन:
चहावाले, थांबा जरा. भाऊ, तुमचे आकडेच सगळं सांगतायत. २० एमबीपीएसच्या अपलोडवर ९०० मिलीसेकंदाची रांग म्हणजे साधारण सव्वादोन एमबी डेटा केबलवाल्याच्या डब्यात (मोडेममध्ये) तुंबून बसलाय. टीसीपी, म्हणजे डेटा छोट्या तुकड्यांत (पॅकेटांत) पोचवायची नेटची पद्धत, तिची सवय अशी की वाट मोकळी दिसली की वेग वाढवत जायचा आणि पॅकेट हरवलं की समजायचं रस्ता भरला, मग वेग झटकन कमी करायचा. पण डब्यात बफर, म्हणजे पॅकेटं थांबायची जागा, भलंमोठं, पॅकेट हरवतच नाही, नुसतं रांगेत उभं राहतं, मोबाइलला वाटतं सगळं छान चाललंय आणि तो अजून ओततो. आणि व्हिडिओचे तुकडे मिळाल्याची पोच अपलोडमधूनच परत जाते ना, ती फोटोंच्या मागे अडकते, म्हणून डाउनलोड रिकामं असूनही व्हिडिओ थांबतो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकन प्रोग्रामरना २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या नेटवर हेच सापडलं होतं. डाउनलोड कितीही वाढवलं तरी हे जाणार नाही.

निवांत:
+१. आणि हे दुखणं जुनंच आहे. ऑक्टोबर १९८६ ला अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ, अंतर जेमतेम ४०० यार्ड, तिथे ३२ केबीपीएसचा वेग घसरून ४० बीपीएस झाला होता. केबीपीएस नाही, नुसते बीपीएस! जो तो हरवलेलं परत पाठवत बसला आणि अजून कोंडी. त्यातूनच व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांनी टीसीपीला आवरतं घ्यायला शिकवलं, १९८८ चा त्यांचा पेपर प्रसिद्ध आहे.

मामाचा भाचा:
बाप रे. कळलं थोडंफार. पण करू काय ते सांगा, उद्या परत ७ वाजणार आहेत.

वायरमन:
ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत सिस्टीम) चालेल असा राउटर बघा. तो केबलवाल्याच्या डब्याच्या लगेच पुढे लावा आणि डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, सगळं ट्रॅफिक आपल्यातूनच गेलं पाहिजे. त्यात एसक्यूएम (रांग सांभाळणारं पॅकेज) टाका, रांगेचा प्रकार 'केक' निवडा, डाउनलोड ९०, अपलोड १८. मुद्दाम थोडं कमी, म्हणजे रांग त्यांच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिथे आपलं राज्य. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल नावाचं रांग आवरायचं तंत्र आणलं, पॅकेटं ५ मिलीसेकंदांहून जास्त ताटकळायला लागली आणि १०० मिलीसेकंद तसंच चाललं की ते एखादं टाकून देतं, पाठवणाऱ्याला वेळेत चपराक. केकच्या पोटात तीच कल्पना आहे.

आता वाटणी. नुसतं कनेक्शनप्रमाणे सारखं वाटलं तर डाउनलोड मॅनेजरवाला १६ कनेक्शन उघडतो आणि १६ वाटे नेतो, म्हणजे पंगतीत एकटाच १६ पत्रावळी मांडून बसला आणि वाढपी बिचारा प्रत्येक पानावर जिलबी टाकत गेला. केकला माणसं मोजता येतात, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसचा आयपी पत्ता. ॲडव्हान्स्डमध्ये डाउनलोडच्या रकान्यात 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट' आणि अपलोडच्यात 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट' टाका, इंग्रजी छोट्या अक्षरांत. आणि सकाळी तिघंच असले तर ९० तिघांत वाटलं जातं, काही पडून राहत नाही.

मामाचा भाचा:
कपाटात जुना राउटर सापडला, नशिबाने चालला. संध्याकाळी मुद्दाम माझ्याच मोबाइलवरून बॅकअप लावला, पिंग २० च्या आसपास!! बाहेरची खोली खूष. पण आतल्या खोलीत आधीपेक्षा वाईट, रडारड चालूये. असं कसं?

वायरमन:
आतल्या खोलीत वेगळा राउटर आहे का? त्याची वायर वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टात आहे?

मामाचा भाचा:
हो. निळ्या पोर्टात.

वायरमन:
मग झालंच. तो राउटर स्वतःच नॅट करतोय, म्हणजे आतल्या सगळ्यांना आपल्या एकाच आयपीमागे झाकतोय, त्यामुळे केकला आतली १६ पोरं एकच माणूस दिसतात. बाहेरच्या एकेका मोबाइलला जेवढा वाटा तेवढाच त्या अख्ख्या खोलीला. त्याचा डीएचसीपी (आयपी वाटायची सोय) बंद करा, आयपी पहिल्या राउटरपेक्षा वेगळा द्या आणि वायर लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात टाका. किंवा ॲक्सेस पॉइंट मोड (नॅट न करता नुसतं वायफाय देणं) असेल तर तेवढं केलं तरी पुरे.

मामाचा भाचा:
झालं!! काल ७ ते १० एकदाही कुणी उठून आलं नाही. २०० चा प्लॅन रद्द, मामाने चहा पाजला.

कटिंग चहा:
अभिनंदन, शब्द मागे घेतो. पण एक शंका. एखाद्याने मोबाइल, लॅपटॉप, टॅब तिन्ही जोडले तर तीन माणसं धरणार ना तुमचा वाढपी?

वायरमन:
धरणार. त्यावर केककडे औषध नाही.

मामाचा भाचा:
मामाकडे आहे. आजच दारावर कागद चिकटवलाय, 'एका खुर्चीला एकच डिव्हाइस', आणि खाली लाल पेनने स्वतःची सही.