विषय: गाडीत ताशा फाटतोय, स्पीकर बदलू का?

नमस्कार मंडळी,

मिनीव्हॅनमध्ये चार चॅनलचा ॲम्प (स्टिरिओचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा ॲम्प्लिफायर) बसवून घेतला. पण ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं की ताशा पत्र्यावर खडे ओतल्यासारखा वाजतो. व्हॉल्यूम 40 पैकी 12 वरच कानठळ्या बसतात आणि गाणं थांबलं तरी दारांतून ‘स्सऽऽ’ चालूच. गेनचा नॉब पूर्ण उजवीकडे आहे. म्हटलं पैसे मोजलेत तर पुरेपूर वसूल करू. स्पीकर बदलू का?

– न्यू जर्सीतला नुसता वाचक

---

Re:

दादा, स्पीकरला हात लावू नका. बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचा मेळ बसवायची ती सोय आहे. नॉबवरचे आकडे बघा: एका टोकाला 6 व्होल्ट, दुसऱ्याला 0.2 असं काहीतरी असेल. आकडा जितका लहान तितकी गेन जास्त! तुमचा स्टिरिओ 4 व्होल्ट देतोय आणि ॲम्प 0.2 च्या तयारीत बसलाय, म्हणून तो लाटांचे शेंडे छाटतो. ताशाचा टणत्कार शेंड्यातच असतो. असंच वाजवत राहिलात तर पहिला जळेल तो ट्वीटर, म्हणजे उंच पट्टीचा छोटा स्पीकर.

ॲम्प 4 ओहमच्या स्पीकरवर दर चॅनलला 75 वॅट आहे ना? मग 75 गुणिले 4 म्हणजे 300, त्याचं वर्गमूळ 17.3. ॲम्पमधून जास्तीत जास्त एवढे व्होल्ट बाहेर पडायला हवेत. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडवा, गेन शून्यावर आणा, बास बूस्ट, लाउडनेस, क्रॉसओव्हर सगळं बंद, इक्वलायझर सपाट. फोनवर 0 डेसिबलचा (म्हणजे शांत नव्हे, रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीचा) 100 हर्ट्झचा टोन लावा (1 किलोहर्ट्झही घेतात, पण स्वस्त मीटर तिथे दगा देऊ शकतो). व्हॉल्यूम 30 वर, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकरच्या टोकांना लावा, आणि 17.3 दिसेपर्यंत नॉब हळूहळू फिरवा. मग टोन बंद करूनच वायरी परत जोडा.

– मंडळाचा ‘साउंडवाला’ काका

---

Re: Re:

काका, शनिवारी गराजमध्ये बसलो. सुरुवातीला मीटर डीसीवर ठेवला होता, अर्धा तास शून्य बघत होतो! मग जमलं. नॉब जेमतेम पाव फिरला आणि 17.3. ‘स्सऽऽ’ जवळजवळ गेलं, ताशा सुटा ऐकू येतो.

आता एक नवीनच: ॲक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी चढत जाते. आधी स्सऽऽ मध्ये दबली असावी.

---

Re: Re: Re:

तो अल्टरनेटर. ॲम्पची अर्थची वायर जिथे बॉडीला आवळलीय, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केलाय का बघा. बहुतेक वेळा रंगावरच आवळलेली सापडते. शिट्टी तरीही राहिली तर आरसीए वायर (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पकडे नेणारी) पॉवरच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

आणि मीटर माझा आहे. रविवारी मराठी शाळेत परत आणा, डब्यासकट.

– काका