वसाहतीत एईडी बसवायचं की नाही? मी घड्याळ लावून चालून पाहिलं

गुडघेदुखी

आमची निवृत्तांची वसाहत आहे. सात इमारती, बहुतेक जण सत्तरी ओलांडलेले. समितीपुढे ठराव आलाय की सभागृहात एक एईडी बसवावं. एईडी म्हणजे भिंतीवरच्या पेटीतलं, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. हात वर करण्याआधी मी एक उद्योग केला. घड्याळ लावून आमच्या दारापासून सभागृहापर्यंत गेलो आणि परत आलो. दिवसाउजेडी, लिफ्ट लगेच मिळाली, वाटेत कुणी गप्पांना धरलं नाही. ६ मिनिटं ४० सेकंद लागली. गुडघा माझा आहे हे मान्य, पण इथे बाकीच्यांचे गुडघे काही फार वेगळे नाहीत.

आता हिशेब बघा. हृदय अचानक थांबलं आणि कुणी काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणजे मी धापा टाकत पेटी आणीन तेव्हा बहुधा ती उघडण्यात अर्थ उरलेला नसेल.

म्हणून माझं मत असं: सभागृहात एक यंत्र हा निव्वळ देखावा. दोन इमारतींमागे एक हवं, तेही बाहेर, कुलूप नसलेल्या पेटीत. आणि त्याआधी प्रत्येक मजल्यावर छाती दाबता येणारी दोन माणसं हवीत. हे जमत नसेल तर ठराव पाडावा. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी

ठराव पाडाच, पण तुमच्या कारणासाठी नाही. चार यंत्रं लावूनही फारसं काही हाती लागणार नाही. हे माझं मत नाही, आकडे सांगतात.

२००८ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हार्ट अटॅक येऊन गेलेले ७००१ रुग्ण. निम्म्यांच्या घरात एईडी दिलं, निम्म्यांच्या घरच्यांना फक्त सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवला. यंत्र घरातच होतं, सभागृहात नव्हे! मृत्यूचं प्रमाण किती? यंत्रवाल्या घरांत ६.४ टक्के, बिनयंत्राच्या घरांत ६.५. सगळा काळ मिळून ३२ जणांवर यंत्र वापरलं गेलं आणि त्यातले ४ जण वाचून दवाखान्यातून घरी आले.

शिवाय यंत्र म्हणजे काही भिंतीवरची तसबीर नव्हे. त्याचे चिकट पॅड दोन-चार वर्षांत बाद होतात, बॅटरीही बदलावी लागते. आमच्याकडच्या अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख शेवटची कुणी वाचली, विचारून बघा. उद्घाटनाला नारळ फोडायला मात्र सगळे हजर असतील.

निवृत्त परिचारिका

हिशेबी काका, आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच सांगितलेत. त्याच चाचणीत अचानक हृदय थांबून घरी झालेल्या ११७ मृत्यूंपैकी ५८च कुणाच्या डोळ्यांदेखत झाले. बाकीचे झोपेत, न्हाणीघरात, एकटे असताना. यंत्राला हाका ऐकू येत नाहीत. कोसळलेलं कुणी पाहिलंच नाही तर ते काय करणार?

आणि जिथे पाहणारी माणसं तयार होती, तिथलं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवलं होतं. तो अहवाल २००० सालचा. हृदय थरथरून थांबलेल्या ज्या लोकांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के वाचून दवाखान्यातून बाहेर पडले. तीन मिनिटं उलटून गेल्यावर मिळाला, त्यांच्यात ४९ टक्के. यंत्र तेच. फरक इतकाच की रक्षक चोवीस तास जागे होते आणि पेटी कुठे आहे हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकते, कारण दर वेळी वाद तिथूनच सुरू होतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा. माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो, छातीत दुखतं, घाम फुटतो. त्याला रुग्णवाहिका हवी, झटका नव्हे. हृदय अचानक थांबतं ती गोष्ट वेगळी: माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास बंद. कधी मधूनच आचके दिल्यासारखा तोंडाने श्वास ओढतो. त्यालाच लोक ‘श्वास चालू आहे’ समजतात आणि नेमका तिथे वेळ जातो. आचके म्हणजे श्वास नव्हे. लगेच छाती दाबायला घ्या. छातीच्या मध्यावर, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.

‘चुकून झटका बसला तर’ ही भीतीही सोडा. यंत्र आधी हृदयाचा ताल तपासतं. झटक्याने सुधारेल असाच ताल असेल तरच झटका देतं. हृदय पार सपाट थांबलं असेल तर देत नाही. सिनेमात सपाट रेषेवर झटके देतात ते पडद्यावरच शोभतं.

हिशेबी

ताई, कॅसिनोत जागोजागी कॅमेरे असतात. आमच्या मजल्यावर कोण बसलंय कॅमेऱ्यासमोर? आणि तुम्हीही अर्धंच सांगितलंत. २००४ साली आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत ९९३ ठिकाणी स्वयंसेवक तयार केले होते. फक्त सीपीआर शिकवलेल्या ठिकाणी १०७ पैकी १५ वाचले, सीपीआर आणि एईडी दोन्ही असलेल्या ठिकाणी १२८ पैकी ३०. दुप्पट, म्हणून टाळ्या वाजल्या. पण त्या सगळ्या वाचलेल्यांत निवासी संकुलांतले किती? दोन.

तिसरा मजला

कोपनहेगनमधल्या एका अभ्यासात दिसलं की संध्याकाळी, रात्री आणि सुटीच्या दिवशी इमारती बंद असल्यामुळे एईडीची पोच निम्म्याहून जास्त घटते. आमच्या सभागृहाला रात्री नऊला कुलूप लागतं. किल्ली सचिवांकडे, आणि सचिव रात्री कानातलं श्रवणयंत्र काढून झोपतात.

शांतचित्त

मला कुणी विचारलंय का?

माझं वय ८४. दोनदा छाती उघडून झाली. तिसऱ्यांदा काही झालं तर मला शांतपणे जाऊ द्यावं, हे मी मुलांना सांगितलंय, डॉक्टरांना लिहून दिलंय. आता मजल्यावरचे दोन उत्साही स्वयंसेवक येऊन माझ्या बरगड्या मोडणार आणि मग मी महिनाभर नळ्या लावून पडणार, हीच का सोय? छाती नीट दाबली तर म्हाताऱ्यांच्या बरगड्या बऱ्याचदा मोडतात.

लोकांच्या डोक्यात टीव्ही बसलाय. १९९६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी टीव्ही मालिकांचे भाग बसून मोजले. त्यांत सीपीआर दिलेल्यांपैकी ७५ टक्के तिथल्या तिथे शुद्धीवर यायचे. प्रत्यक्षात त्याच देशात दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी साधारण दहातला एकच वाचतो. आमच्या वयात त्याहूनही कमी.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला ज्येष्ठांच्या निवासात ८७ वर्षांची बाई कोसळली. आपत्कालीन सेवेची फोनवरची बाई गयावया करत होती, कुणीतरी सीपीआर द्या म्हणून. निवासातल्या कर्मचारीबाईने नियमावर बोट ठेवून नकार दिला. जगभर ओरड झाली. नंतर घरच्यांनी सांगितलं की आईला नैसर्गिक मरणच हवं होतं.

निवृत्त परिचारिका

शांतचित्त काका, त्या गोष्टीतून मी नेमकं उलटं घेते. कर्मचारीबाईला आजींची इच्छा माहीत होती म्हणून ती थांबली नाही, तिला नियमाची भीती होती म्हणून थांबली. एखाद्या आजींना जगायचं असतं तरीही तिने हेच केलं असतं. तुमची इच्छा पाळायची असेल तर ती आम्हाला कळायला हवी. तुमच्याकडे काय लिहिलंय, ते कायद्यात बसतं का, आणि रात्री दोन वाजता दारात आलेल्या माणसाला ते पाच सेकंदांत कसं कळणार? कपाटातल्या पाकिटाचा उपयोग नाही.

गुडघेदुखी

खरं सांगतो, धागा काढताना हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. घड्याळ लावून फिरलो, पण ज्याच्याकडे धावायचं त्याला धावणारा हवाय का, हे विचारलंच नाही.

हिशेबींच्या ‘दोन’चं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या दोघांनाही कुणीतरी खाली पडताना पाहिलं असणार, एवढं नक्की. म्हणून यादी अशी बदलतो: आधी प्रत्येक घरी विचारून चिठ्ठी, हो की नको. मग चौकीदार आणि सफाईचे लोक यांना शिकवायचं, कारण दिवसरात्र इथे धडधाकट तेच असतात. सत्तरीच्या माणसाने जमिनीवर गुडघे टेकून दोन मिनिटं छाती दाबून बघावी, मग कळतं दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा ते. मी काल उशीवर दाबून पाहिलं. पावणेदोन मिनिटांत उशी जिंकली.

सूनबाई

आमच्या सासूबाई एकट्या राहतात म्हणून लिहिते. न्हाणीघरात ओढायची दोरी किंवा गळ्यात घालायचं बटण, हे यंत्राच्या आधी हवं. एकटे असताना गेलेल्यांबद्दल परिचारिकाताईंनी लिहिलेलं वाचलं तेव्हापासून मला हेच सुचतंय.

हिशेबी

बटणाला माझा विरोध नाही. चौकीदारांच्या वर्गालाही नाही. यंत्राला अजून आहे. पण बसवणारच असाल तर पॅडची आणि बॅटरीची तारीख फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि महिन्यातून एकदा पेटीवरचा हिरवा दिवा बघायचं काम माझ्याकडे द्या. दुसऱ्या कुणी केलं तर ते होणार नाही.

शांतचित्त

माझी चिठ्ठी ‘नको’ची. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो, लाल कागदावर. कायद्याचं डॉक्टरांना विचारतो.

बाकी चौकीदारांचा सराव घेणार असाल तर कोसळलेल्या माणसाचं काम मी करीन. पडून राहायला मला जमतं. फक्त छाती खरोखर दाबू नका, त्यासाठी बाहुला आणा.

गुडघेदुखी

ठरलं. शनिवारी सकाळी, तुमच्या तिसऱ्या मजल्यापासून. घड्याळ माझ्याकडे आहेच.