मदत हवी आहे: खाजन शेतीवरचं संशोधन

नमस्कार मंडळी, मी एम.ए.च्या प्रबंधासाठी गोव्याच्या खाजन शेतीवर (खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती) काम करतेय, तिसवाडीतल्या एका गावात. विषय असा की बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं बांधातलं दार) सांभाळायचं काम पूर्वी गावकरीचं म्हणजे कोमुनिदादचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) होतं, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे गेलं, आणि आता शेती पडीक पण मानशीवर मासळी पकडायच्या हक्काचा लिलाव मात्र जोरात. आमच्या गावात तर ठेकेदार भरतीचं खारं पाणी आत घेतो, कारण खाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी येते, मग भाताचं काय होणार? कोरगूट हे इथलं भात खारेपणा सोसतं हो, पण किती सोसणार! मानशीचं दार बघितलं तर लाकूड कुजलंय, फटीतून ओहोटीलाही पाणी झिरपतं.

मार्गदर्शक म्हणाले तुलना कर. बांगलादेशच्या किनारपट्टीवर १९६० च्या दशकात पोल्डर (चहूबाजूंनी बांध घातलेली जमीन) बांधले, मग गाळ नद्यांतच साचला, आतलं पाणी बाहेर जाईना आणि आतली जमीन पाण्याखाली, शेवटी १९९० मध्ये बिल डाकातिया या पाणथळ भागात लोकांनीच बांध फोडला. आपले बांध गावाने घातलेले, तिथले सरकारी योजनेतले, मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम (सामाईक संसाधनं लोक कशी सांभाळतात यावर लिहिणाऱ्या अभ्यासक) वाचलंय, पण कूळ आणि ठेकेदार यांच्यातल्या भांडणावर मराठी-कोंकणीत काही लिहिलेलं आहे का? आणि कुणाच्या घरी लिलावाचे जुने कागद किंवा बांधावर काम केलेली वडीलधारी माणसं असतील तर प्लीज सांगा, मी येऊन भेटेन. डिचोली, बार्देशकडचे असाल तरी चालेल.