माळावर गाई फिरवून चारायच्या, तुकडे किती पाडू?

प्रश्न: मंडळी, अकोले तालुक्यात 5 डांगी गाई, 4 एकर माळ. गाई मारवेल गवत बुडख्यापर्यंत खातात, कुसळी गवताला तोंड लावत नाहीत. काय करू?

उत्तर: दादा, 6-7 तुकडे पाडा. मारवेल अर्धी वीत उरलं की गाई पुढं हलवा. खाली हिरवी पात राहिली तरच फुटवा जोमानं येतो. कुसळी कोवळी असतानाच चारा, कुसळं धरल्यावर तोंडात टोचतात. आणि दिवस मोजत बसू नका, गवत बघा! पावसाळा सरला की वाढ मंदावते.

प्रश्न: पाण्याचं? तुकड्यागणिक टाकं परवडत नाही.

उत्तर: मधोमध एकच टाकं, भोवती कलिंगडाच्या फोडींसारखे तुकडे. टाक्याजवळ मुरूम टाका, चिखल होतो.

दुसरे उत्तर: तुकड्यांच्या कुंपणाला झटका मशीनची (विजेचा हलका झटका देणारी) तार घ्या, हलवता येते. एक तुकडा दरवर्षी बी पडेपर्यंत न चारता राखाच.